पायरीवरची बारा वर्षं

गेल्या महिन्यात बजाजनगरला नातवाच्या घरी प्रार्थनेची बैठक होती. नातू वाळूजच्या कारखान्यात आहे. त्याच्या दोन खोल्यांत वीस-पंचवीस माणसं दाटीवाटीनं बसलेली, मला म्हातारीला तेवढी खुर्ची दिलेली. उपदेशाला एक तरुण पोरगा आला होता. बोलायला चांगला, आवाज खणखणीत. बोलता बोलता तो म्हणाला, सगळ्या पापांना क्षमा आहे, पण ज्यानं प्रभूला ओळखलं आणि ओळखून सोडलं, त्या फिरलेल्या माणसाला परत दार नाही. हे म्हणताना त्यानं हातानं दार लावल्यासारखं केलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काठी घेतली आणि लोकांच्या पायांवरून वाट काढत बाहेर आले. नातू धावत मागं. "आजी, काय झालं? पाय अवघडले का?" म्हटलं, "पाय ठीक आहेत. त्या पोराला दाराचं काय माहीत? म्हणावं मला विचार. माझ्या बापानं राखलंय ते दार." नातवाला काही उमगलं नाही. तो मला रिक्षात बसवून द्यायला निघाला तेव्हा मी ठरवलं, की हे आता लिहून ठेवायचं. माझ्यामागं सांगणारं कोणी नाही.

आम्ही छावणीच्या अलीकडं, चर्चच्या मागच्या आवारात राहायचो. बाबा चर्चची घंटा वाजवायचे, झाडलोट करायचे, दिवे पुसायचे. त्याबद्दल राहायला एक खोली होती, कौलारू, मागं कडुनिंब. पोलीस ॲक्शनच्या आधीच्या धामधुमीत बाबा आईला घेऊन पैठणच्या वाटेवरच्या खेड्यातून शहरात आले, ते इथंच राहिले. खोलीत एका कोपऱ्यात चूल, एका कोपऱ्यात धान्याच्या कणग्या, आणि मध्ये आम्ही तिघं. आई भाकरी थापायची तो आवाज आणि घंटेचा आवाज, यांत माझं बाळपण गेलं. रविवारी पहाटे आई ज्वारीचं पीठ काठवटीत घेऊन बसायची आणि बाबा दोर ओढायला जायचे. घंटा सुरू झाली, की आई थापायचा हात जरा जोरात चालवायची, तिला उपासनेच्या आधी सगळं उरकायचं असायचं. भाकरी, येसराची आमटी, कधी अंबाड्याची भाजी. नाताळात आई रवा-मैदा-तूप डोक्यावर घेऊन बेकरीत जायची, तिथं उभी राहून नानखटाई भाजून घ्यायची. येताना ट्रेवर फडकं झाकलेलं असायचं, तरी वासानं अख्खं आवार गोळा व्हायचं.

आईचं माहेरचं नाव सोना. तिचे वडील पोतराज होते, मरीआईचा गाडा त्यांच्या घरात. लग्नानंतर बाबांबरोबर तिनंही बाप्तिस्मा घेतला आणि ती मार्था झाली. तिला ते नाव फार आवडायचं. नवं लुगडं नेसल्यावर बाई कशी चालते, तशी ती त्या नावात वावरायची. चर्चची गायनं तिला सगळी पाठ. वाचता एक अक्षर येत नव्हतं, पण पेटीवर पहिला सूर लागला, की कितव्या पानावरचं ते ती सांगायची. हे सगळं माझ्या आठवणीतलं नाही, बाबांनी सांगितलेलं आहे. लहानपणची जी आई मला आठवते, ती चर्चच्या आत बसलेली कधी आठवतच नाही.

मी पाच वर्षांची असताना मला देवी आल्या. वस्तीत एकेका घरात शिरत होत्या. दवाखान्यात जागा नव्हती, आणि त्या रोगाला औषध तरी कुठं होतं? अंगभर फोड, डोळे चिकटून बंद, पाणीसुद्धा घशाखाली उतरेना. चर्चच्या मंडळीचे मुख्य पंच साळवेमामा रोज येऊन माझ्या उशाशी गुडघे टेकायचे. उंच, हाडाचे, शाळेत मास्तर. प्रार्थना करताना त्यांचा आवाज कधी कापायचा नाही. सातव्या दिवशी भर दुपारी ते प्रार्थना करून उठले आणि बाबांना बाजूला घेऊन म्हणाले, "मन घट्ट कर." आईनं ते ऐकलं. तीही इतका वेळ त्यांच्याबरोबर गुडघ्यावर होती. ती उठली, मागच्या दारानं कडुनिंबाखाली गेली आणि मोकळ्या आभाळाखाली तोंड वर करून तिनं माहेरच्या देवीला हाक मारली. म्हणाली, "माझं लेकरू ठेव. बारा आखाड तुझं कुंकू लावीन. बारा आखाड दुसऱ्या देवाच्या छपराखाली जाणार नाय." लिंबाचा पाला घेऊन आत आली, माझ्या अंगाखाली पसरला, दहीभात कालवून उशाशी ठेवला. तिसऱ्या दिवशी मी डोळे उघडले. त्याच आठवड्यात साळवेमामांचा दानीएल आजारी पडला, माझ्याच वयाचा. तो गेला.

मी उठून बसायला लागले तेव्हा आईच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं. आमच्यात बायका कुंकू लावत नव्हत्या, त्यामुळं ते लांबून दिसायचं. पाळकसाहेब आणि साळवेमामा आमच्या खोलीत आले. पाळकसाहेब म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू, नगरकडचे, मवाळ माणूस. ते म्हणाले, "मार्थाबाई, भीतीनं माणूस काहीही बोलतं. कुंकू पुसा, मंडळीपुढं उभं राहून म्हणा की चुकलं, आणि या आत."

आई म्हणाली, "शब्द दिलाय, साहेब."

"अहो, ज्याला दिला ते काही नाहीच. दगड आहे. खोट्याला दिलेला शब्द कसला?"

"खोट्याला दिला आसंल. पर देणारी तर खरी व्हते ना?"

 साळवेमामांनी मुलाला पुरून पंधरा दिवसही झाले नव्हते. ते उठले आणि म्हणाले, "सोनाबाई, तू फिरलीस. फिरलेल्याला क्षमा नाही." त्या दिवसापासून मंडळी तिला सोनाबाई म्हणायला लागली. मार्था कोणी म्हणेना. पाळकसाहेब अडचणीत सापडले, की नुसतं 'बाई' म्हणायचे.

आता कोणाला वाटेल, बाई गेली आपल्या देवीकडं. कुठली जातीय! पुढच्या रविवारी घंटा झाली तशी आई लुगडं बदलून, मला कडेवर घेऊन चर्चला निघाली. मला आत बाबांकडं सोडलं आणि स्वतः दाराबाहेरच्या दगडी पायरीवर बसली. पायरीवर छप्पर नव्हतं. शब्द छपराखाली न जाण्याचा होता, आणि पायरी छपराखाली येत नव्हती. तिनं आखाडात माहेरी जाऊन देवीला नैवेद्य दाखवला आणि वर्षाचे सगळे रविवार प्रभूच्या पायरीवर काढले. असं बारा वर्षं. ऊन असलं की पदर, पाऊस असला की डोक्यावर पोत्याची खोळ. रस्त्यानं जाणारे टांगेवाले गंमत करायचे, "क्या अम्मा, आज भी अंदर नहीं बुलाया?" आई म्हणायची, "बुलाया रे बाबा, मैंच नहीं गई."

दार तिच्यासाठी उघडं राहिलं ते बाबांमुळं. बाबा फार बोलणारे नव्हते. नवसाबद्दल ते आईला चांगलं बोलले नाहीत की वाईट बोलले नाहीत. पण त्या पहिल्याच रविवारी त्यांनी एक वीट आणली आणि दाराच्या फळीला लावून ठेवली, म्हणजे दार वाऱ्यानं लागायचं नाही. पावसाळ्यात झड आत यायची, बायकांच्या बाजूची सतरंजी भिजायची. बायका कुरकुरायच्या. साळवेमामांनी दोनदा बाबांना सांगितलं, "दार लावत जा." बाबा म्हणायचे, "व्हय," आणि वीट तशीच. घंटेचं काम जाईल अशी आम्हाला धास्ती होती. गेलं नाही, ते बहुधा पाळकसाहेबांमुळं.

आणि आईचं गाणं! आत पेटी, तबला, टाळ सुरू झाले, की बाहेरून तिचा आवाज यायचा. आतला सूर तिच्यापर्यंत पोचून ती उचलणार, म्हणून ती सगळ्यांच्या जरासं मागं असायची. आम्ही कडवं संपवून थांबलो, की शेवटचा शब्द एकटीचा दारातून आत यायचा. काही जणांनी तक्रार केली, फिरलेल्या बाईनं गायनं म्हणावीत का? पाळकसाहेब म्हणाले, "तिला आत यायला सांगता येईल, गप्प बसायला कसं सांगू?" माझ्या मात्र जिवाला घोर लागायचा. मी मान खाली घालून बसायचे. लहान असताना लाज वाटायची म्हणून, आणि मोठी झाल्यावर लाज वाटली होती याची लाज वाटायची म्हणून.

साळवेमामी माझ्या पुढच्याच रांगेत बसायच्या. ठेंगण्या, गोऱ्या, तोंडातून शब्द न काढणाऱ्या. त्या वळून माझ्याकडं बघत राहायच्या. माझ्या तोंडावर देवीचे वण राहिले होते, अजून आहेत. लोक वण बघून नजर वळवतात, मामी नजर वळवायच्या नाहीत. एकदा चर्च सुटल्यावर त्यांनी माझी हनुवटी धरली, गालावरून बोट फिरवलं आणि काही न बोलता निघून गेल्या. मला वाटलं, त्यांना माझा राग येतो. का येऊ नये? त्यांचा गेला आणि मी उरले.

नऊ-दहा वर्षांची असताना आवारातल्या एका मुलीशी गोट्यांवरून भांडण झालं. ती फणकाऱ्यानं म्हणाली, "तुझी आई तुझ्यापायी नरकात जाणार. माझी आई म्हणली." मी घरी आले. आई चुलीपुढं होती. मी तिथंच उभी राहून विचारलं, "आई, तू माझ्यामुळं नरकात जाणार का?"

तव्यावरची भाकरी उलटून ती म्हणाली, "कोण म्हणलं?"

"सगळेच म्हणतात."

"जाईन की. तू हायेस ना हितं? मग बास." मग माझं तोंड बघून तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं पिठाच्या हातानं मला जवळ ओढलं. "रडू नको, माय. प्रभूला पायरीवरचं आयकू येतं. त्याचे कान काय मंडळीसारखे नायत."

तिला काही वाटत नव्हतं असं मात्र नाही. प्रभुभोजनाचा रविवार असला, म्हणजे आत सगळ्यांना प्रभूच्या नावानं भाकरीचा तुकडा मिळायचा तो दिवस, की ती घरी येऊन दिवसभर जेवायची नाही. विचारलं तर भूक नाही म्हणायची. महिन्यातून एकदा, नेमकी त्याच दिवशी तिला भूक नसायची. त्या दिवसापासून माझ्या मनानं घेतलं, की आईला मी आत नेणार. कसं ते माहीत नव्हतं. पण मी जगले त्याची शिक्षा तिला होत होती, आणि ही शिक्षा कुठंतरी थांबली पाहिजे, एवढं कळत होतं.

चौदाव्या वर्षी आमचं दृढीकरणाचं शिक्षण सुरू झालं. आमच्यात लहानपणी आईबापांनी दिलेला बाप्तिस्मा मूल मोठं झालं की मंडळीपुढं स्वतःच्या तोंडानं पक्का करतं, मगच त्याला प्रभुभोजन मिळतं. आम्ही सहा मुलं पाळकसाहेबांच्या व्हरांड्यात प्रश्नोत्तरं पाठ करायचो. एक दिवस मी मध्येच उठले. "साहेब, मरीआई म्हणजे कोणी नाहीच, असं तुम्ही शिकवता ना?"

"हो."

"मग माझ्या आईनं शब्द दिला तो कुणाला?"

"कुणालाच नाही."

"मग ती प्रभूला सोडून गेली कुणाकडं?"

पोरं खुसखुसायला लागली. मला वाटलं, आता जिंकले. पाळकसाहेबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला. म्हणाले, "करुणा, कुणाकडं गेली हा प्रश्नच नाही बेटा. तिची आतली जागा रिकामी झाली, एवढंच मला दिसतं."  त्यांच्या आवाजात राग नव्हता. मग तोंडातून निघून गेलं, "मग ती भरेपर्यंत माझीपण रिकामी राहू द्या. आई आत आल्याशिवाय मी दृढीकरण घेणार नाही." आणि चपला घालून घरी.

घरी बातमी माझ्याआधी पोचली होती. आईनं मला असं झापलं, की आवार गोळा झालं. "शहाणी झालीस व्हय? म्या शब्द दिला तो माझा. त्याच्यात तू आजून एक नवस करू नको! घरात एक नवस लई झाला." मी पण तिचीच लेक. म्हटलं, "तू मोडतेस का तुझा? मग मी कामून मोडू?" तिनं हात उगारला, आणि तसाच खाली आणला. बाबा दारात बसून कंदिलाची काच पुसत होते, त्यांच्या खांद्यांवरून मला कळलं की ते हसू दाबत आहेत. तीन वर्षं मी हट्ट धरला. माझ्याबरोबरच्या पाचजणांचं दृढीकरण झालं. प्रभुभोजनाची थाळी आली, की बायका ती माझ्या डोक्यावरून पुढं द्यायच्या. तेव्हा तोंडावरचे वण गरम झाल्यासारखे वाटायचे. पण नाही म्हणजे नाही.

आज वाटतं, त्या हट्टात थोडा गर्वही होता. चालायचंच. सतराव्या वर्षी गर्व नसेल तर कधी असणार?

बारावा आखाड आला. आई माहेरी गेली, शेवटचा नैवेद्य दाखवला आणि शनिवारी संध्याकाळी एसटीनं परतली. आल्या आल्या तिनं परातीत पाणी घेतलं आणि कपाळ धुतलं. कुंकू गेलं, पण खाली काळसर डाग निघाला, रुपयाएवढाच. बारा वर्षं त्याच जागी तेच कुंकू, कातडी करपून गेली होती. तिनं शिकेकाईनं घासलं, राखेनं घासलं. कपाळ लालबुंद झालं, डाग हलेना. आरशाचा तुकडा खाली ठेवून मला म्हणाली, "बघ. तुला वण, मला डाग. दोघी मायलेकी शोभतो."

दुसऱ्या दिवशी प्रभुभोजनाचा रविवार होता आणि सकाळपासून झड लागलेली. बाबांनी घंटा वाजवली. आई पायरीपर्यंत आली आणि थांबली. बारा वर्षांची सवय, पाय आपोआप दुमडायला लागले. मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला, म्हणाली, "माझी म्या जाईन," आणि उंबरा ओलांडला.  ती सरळ पुढं गेली, मंडळीकडं तोंड करून उभी राहिली. लुगड्याचा काठ भिजलेला, डोक्यावर पदर. कबुली द्यायची आमच्यात हीच रीत आहे, सगळ्यांसमोर उभं राहून, आपल्या तोंडानं.

साळवेमामा पंचांच्या बाकावरून उठले. बारा वर्षांत ते वाकले होते, पण आवाज तोच. "कुंकू पुसून यायचं, हे सांगितलं होतं."

"पुसलंय, दादा. जात नाय." तिनं पदराचं टोक ओलं केलं आणि सगळ्यांदेखत कपाळ घासलं. बायकांत कोणीतरी 'अगं माय' म्हणालं.

पाळकसाहेब म्हणाले, "बाई, नवस केला त्याची क्षमा मागता ना?"

मी डोळे मिटून घेतले. मनात म्हणत होते, हो म्हण, आई, एकदाच हो म्हण. आई म्हणाली, "नाय मागत. शब्द दिला, तो पाळला. त्याच्यात माझ्या लेकराचा जीव हाये. त्याला पाप म्हणले तर पोरगीकडं कोणत्या तोंडानं बघू?"

कुजबुज सुरू झाली. पाळकसाहेबांचा हात पुस्तकावर तसाच राहिला. मला वाटलं, संपलं. बारा वर्षं पायरीवर बसली आणि दोन वाक्यांत सगळं घालवलं. तेवढ्यात साळवेमामा बाक सोडून पुढं आले, अगदी आईच्या समोर.

"एक सांग. तुझी पोरगी वाचवली कुणी?"

"मला ठावं नाय, दादा."

"सरळ सांग."

"सरळच सांगू राहिले. आत तुमच्यासंगं गुडघ्यावर बसून एकाला हाक मारली, भाईर जाऊन दुसरीला मारली. लेकरू मरू राहिलं व्हतं. कोण आलं, ते म्या बघाया गेले नाय."

 मामांचा आवाज कापलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "ही," त्यांनी मामींकडं बोट केलं, "ही माझ्या पाया पडली होती. म्हणली, मार्थाची पोर वाचली, मलापण लिंबाखाली जाऊ द्या. म्या नाय जाऊ दिलं. म्हणलं, आपण प्रभूची माणसं. मग माझा दान्या कामून गेला?"

 मामी मान खाली घालून बसल्या होत्या. त्या वळून माझ्याकडं का बघायच्या, ते मला त्या क्षणाला कळलं. राग नव्हता तो. आपला मुलगा जगला असता तर त्याच्या गालावर असेच वण असते, हे त्या बघत होत्या.

आई रडायला लागली. बारा वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "तेपण मला ठावं नाय, दादा. पर एक ठावं हाये. तुम्ही एकालाच धरून राह्यले. लेकरू गेलं तरी राह्यले. तेवढा भरवसा माझ्यापाशी नव्हता. मागायची ती क्षमा त्याची मागते. प्रभूला मागते, आन् तुम्हाला मागते." आणि ती वाकून त्यांच्या पाया पडली. आमच्यात माणसाच्या पाया पडत नाहीत. तिला त्या वेळी आठवलं नाही, किंवा आठवलं असून पडली.

मामा क्षमा केली म्हणाले नाहीत, नाही केली म्हणाले नाहीत. बाकाकडं गेले आणि दोन्ही हातांत तोंड धरून बसले. पंचांनी मत घ्यायचं की नाही, पाळकसाहेबांनी काय म्हणायचं, कोणालाच सुचेना. आई मध्येच उभी. पुढं जाता येईना, मागं पायरीवर जाता येईना. इतकी उघडी पडलेली मी तिला कधी पाहिली नाही. मी उठणार, तेवढ्यात साळवेमामी सतरंजीवर जराशा सरकल्या. शेजारच्या बाईला कोपरानं ढकललं, एका माणसाची जागा केली आणि तळहातानं त्या जागेवर थोपटलं.

"मार्थे," त्या म्हणाल्या, "बस हितं."

आई गेली आणि बसली. पाळकसाहेबांनी घाईघाईनं गायन सांगितलं. पेटी लागली. आई सवयीनं जरा मागूनच गात होती, तिला ते कळलं आणि तिनं मध्येच एक शब्द गाळून सगळ्यांना गाठलं.

मग प्रभुभोजन आलं. पुरुषांकडून बायकांकडं थाळी आणायचं काम साळवेमामांचं. त्यांनी ती आणली आणि मामींच्या हातात दिली. आमच्यात थाळी हातोहात जाते, प्रत्येकीनं घ्यायचं आणि शेजारणीला द्यायचं. मामींची शेजारीण आई होती. मामींनी तुकडा घेतला, थाळी धरून थांबल्या आणि मान वर करून नवऱ्याकडं बघितलं. मामा तिथंच उभे. एका शब्दानं त्यांना थांबवता आलं असतं, हात पुढं करून थाळी परत घेता आली असती. त्यांनी हात मागं बांधले. मामींनी थाळी आईला दिली. आईनं तुकडा उचलला, डोळे मिटून तोंडात घातला. मग रांग तिच्यापाशी संपली, म्हणून तिनं थाळी द्यायला मागं बघितलं, तर मागच्या रांगेत मी. माझं दृढीकरण झालेलं नव्हतं. तिनं डोळे वटारले, थाळी माझ्या डोक्यावरून पलीकडं दिली आणि ओल्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आता घे दृढीकरण. पुरं झालं शहाणपण."

ते मी त्याच वर्षी घेतलं. मामांनी त्या दिवसाबद्दल पुढं कधी चकार शब्द काढला नाही. पण त्यानंतर ते आईला मार्थाबाई म्हणायचे. आता दोघंही छावणीच्या दफनभूमीत आहेत, मध्ये चार-पाच कबरी आहेत. आईला पुरताना तिच्या कपाळावर तो डाग तसाच होता. तिला क्षमा झाली का, असं मला त्या बजाजनगरच्या पोरानं विचारलं, तर मी सांगेन, की देवाच्या मनातलं मला ठाऊक नाही. पण ज्याला क्षमा करणं सगळ्यात जड होतं, त्यानं हात मागं बांधलेले मी पाहिलेत. पुढच्या रविवारी मी त्याच्या बैठकीला जाणार आहे, आणि आधी माझं ऐकून घे म्हणणार आहे.

त्या दिवशी शेवटचं गायन चालू असताना झड वाढली. पाणी उंबऱ्यावरून आत यायला लागलं. बाबा घंटेच्या दोरापाशी उभे होते. ते दाराकडं गेले, वाकून वीट उचलली आणि दाराची फळी हातात धरून उभे राहिले. बारा वर्षं हूं की चूं न केलेला माणूस, गायन चालू असताना भर चर्चमध्ये त्यांनी तिथून आईला हाक मारून विचारलं, "लावू का गं दार?"

पेटी थांबली. आईनं मागं वळून पाहिलं. पायरी रिकामी होती, तिच्यावर पाऊस पडत होता.

"लावा की," ती म्हणाली. "सतरंजी भिजू राहिली."